पाय पॅरिसचे, ठेका बेटांचा

चार जोड्या, आठ माणसं. चौकोनाच्या प्रत्येक बाजूला एक जोडी, तोंडं आत, बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या नाचघरांत या मांडणीला काद्रिल म्हणत, इंग्रजीत क्वाड्रिल. पॅरिसच्या सामान्य माणसाला आज ती नाचता येत नाही. ग्वादलूप, सेंट लुशिया, डॉमिनिका, जमैका या कॅरिबियन बेटांवर मात्र ती अजून नाचली जाते, आणि आपल्या बाजूने पाहिलं तर समुद्रापलीकडच्या सेशेल्समध्येही.

हे कसं झालं याचं नेहमीचं उत्तर असं: गोऱ्यांच्या नाचात आफ्रिकी ताल मिसळला आणि क्रिओल नाच तयार झाला. उत्तर चूक नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. खिचडीत डाळ-तांदूळ असतात एवढं सांगून खिचडी येत नाही. कुठली गोष्ट तशीच राहिली, कुठली आधी बदलली आणि कुठली शेवटपर्यंत हलली नाही, हे पाहायला हवं. थोडक्यात सांगायचं तर जमिनीवरची आकृती जवळजवळ तशीच राहिली. बदलला तो दोन पावलांमधला वेळ, आकृती सांगणारा माणूस आणि वाजवणारी वाद्यं.

‘क्रिओल’ या शब्दाचा मूळ अर्थ वसाहतीत जन्मलेला, तिथेच वाढलेला. आधी तो माणसांना लागला, मग भाषेला, जेवणाला आणि गाण्याला. म्हणजे शब्दाचा रोख मिश्रणापेक्षा जन्मस्थानावर आहे, आणि या नाचांना तोच अर्थ जास्त शोभतो. कुणी दोन परंपरा समोर ठेवून फ्युजन करायला बसलं नव्हतं.

मूळ नाच दरबारीही नव्हता. इंग्लंडमधल्या कंट्री डान्सचं प्लेफर्ड या प्रकाशकाने छापलेलं पुस्तक १६५१ चं. पुरुषांची एक लांब रांग, समोर बायकांची रांग, आणि जोड्या एकमेकांच्या जागा बदलत पुढे सरकतात, असा हा साधा प्रकार. १६८० च्या दशकात तो फ्रान्सला गेला आणि तिथे त्याचा कॉन्त्रदांस झाला. ‘कंट्री’चं ‘कॉन्त्र’, म्हणजे ‘समोरासमोर’, झालं आणि ते नाचाला चपखल बसलं. फ्रेंचांनी रांगेबरोबर चौकोनही वापरात आणला. त्या चौकोनी प्रकारातून काद्रिल निघालं आणि १८१५ च्या सुमारास लंडनच्या आल्मॅक्स क्लबात पोहोचलं. स्पॅनिश मुलखात त्याच कॉन्त्रदांसचं नाव कोंत्रादान्सा.

काद्रिलमध्ये पाच भाग असतात, त्यांना फिगर म्हणतात. नावं गमतीची आहेत: पांतालाँ म्हणजे विजार, एते म्हणजे उन्हाळा, पूल म्हणजे कोंबडी, पास्तुरेल म्हणजे मेंढपाळीण, आणि शेवटचा फिनाल. पहिला भाग जरा जवळून पाहू, कारण पुढचं सगळं त्याच्या हिशोबावर चालतं.

पांतालाँला ३२ बार लागतात (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन). पहिल्या ८ बारांत ‘इंग्लिश साखळी’. समोरासमोरच्या दोन जोड्या एकमेकींकडे येतात, समोरच्याला उजवा हात देऊन पलीकडे जातात, मग आपल्या जोडीदाराला डावा हात देऊन वळतात. ४ बारांत पलीकडे, ४ बारांत परत. पुढच्या ८ बारांत आपल्या जोडीदारासमोर पावलं टाकून दोन्ही हात धरून फिरणं. त्यापुढच्या ८ बारांत बायकांची साखळी: बायका मधून आरपार जातात, समोरच्या पुरुषाला डावा हात देऊन फिरतात आणि तशाच परत येतात. शेवटच्या ८ पैकी ४ बारांत जोड्या हातात हात घालून पलीकडे जातात आणि ४ बारांत अर्धी साखळी करून घरी येतात. हे झालं की उरलेल्या दोन जोड्या तेच सगळं करतात, म्हणजे एकूण ६४ बार.

यात काही चुकलं तर ते बहुतेक साखळीत चुकतं. उजवा हात परक्याला, डावा आपल्या माणसाला, एवढा एकच नियम आहे. एकाने हात उलटा दिला की तो चौथ्या बारला चुकीच्या बाजूला तोंड करून उभा राहतो, आणि बाकीच्या तिघांना वाट पाहावी लागते. संगीत थांबत नाही. आठ बारांचं वाक्य संपलं की संपलं. म्हणून या नाचात पावलाच्या नजाकतीपेक्षा वेळेत घरी पोहोचणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच तो उचलून कुठेही नेता येतो. पावलं कशीही टाका, आठव्या बारला आपल्या जागेवर या. या मोकळ्या जागेत काय भरायचं ते बेटांनी ठरवलं.

वसाहतीतल्या नाचघरात नाचणारे मळ्यांचे मालक, अधिकारी आणि त्यांच्या बायका. वाजवणारे मात्र फार मोठ्या प्रमाणावर काळे किंवा मिश्रवंशीय, काही गुलाम, काही मुक्त. क्यूबात तर गोऱ्या घराण्यांना वाद्य वाजवून पोट भरणं कमीपणाचं वाटे, त्यामुळे तो धंदा मुक्त काळ्या वादकांच्या हाती गेला. क्लाउदिओ ब्रिन्दिस द सालास हा हवानाचा नावाजलेला व्हायोलिनवादक आणि ऑर्केस्ट्राचा मालक. सरदार घराण्यांच्या मेजवान्यांत वाजवणारा हा माणूस १८४४ मध्ये काळ्यांच्या कथित बंडाच्या आरोपात पकडला गेला. त्याच धरपकडीत तोमास बुएल्ता इ फ्लोरेस हा दुसरा मोठा नाचसंगीतकारही सापडला. त्यांचं वाजवणं हवं होतं, पण माणसं म्हणून त्यांची धास्ती होती.

दुसऱ्या बाजूने गुलामांचे स्वतःचे नाच होते आणि त्यांच्यावर डोळा होता. फ्रेंच वसाहतींसाठी १६८५ मध्ये निघालेल्या ‘कोद न्वार’ या कायद्याच्या १६ व्या कलमाने वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांना लग्नाच्या निमित्तानेही एकत्र जमायला बंदी घातली. ढोल वाजला की मालकाला बंडाची शंका येई. व्हायोलिनवर मालकाच्याच ओळखीचा नाच चालला असेल तर ती शंका कमी. काद्रिल उचलण्यामागे नक्कल होती, थट्टा होती, हौस होती, आणि ही सोयही होती. यातलं एकच कारण खरं मानणारे लेख मला पटत नाहीत.

आता ठेका. हे वाचून कळणार नाही, हाताने करून पाहा.

एका बारात आठ मात्रा मोजा: १ २ ३ ४ ५ ६ ७ ८. उजव्या पायाने १ आणि ५ वर ठोका द्या आणि तो पाय शेवटपर्यंत हलू देऊ नका. युरोपातला कॉन्त्रदांस इथेच थांबतो, टाळ्याही पायाबरोबर. आता टाळी १, ४ आणि ७ वर द्या. म्हणजे तीन, तीन, दोन. स्पॅनिशमध्ये याला त्रेसिल्यो म्हणतात. पायाच्या ५ शी जोडून आणखी एक टाळी द्या, १, ४, ५, ७, की हबानेराचा ठेका झाला, हवानाहून जगभर गेलेला. तिसरा प्रकार सिन्किल्यो, त्यात पाच टाळ्या: १, ३, ४, ६, ७. यासाठी मार्तिनीक बेटावर चक्क बोल आहे: टाक् पि टाक् पि टाक्. ‘टाक्’ला दोन मात्रा, ‘पि’ला एक. तबल्याची सवय असलेल्याला हे पटकन बसतं.

बहुतेकांची चूक ठरलेली असते. पहिल्या प्रकारात चौथ्या मात्रेची टाळी पाचव्यावरच्या पायाकडे ओढली जाते. टाळी आणि पाय एकत्र पडले की ठेका गेला, उरली कवायत. दुसरी चूक जास्त फसवी आहे. तीन टाळ्या आहेत म्हणून माणूस आठ मात्रांचे तीन सारखे भाग करतो. कानाला ते गोड लागतं, पण मग दादऱ्याचं वजन येतं. तीन, तीन आणि मग तोकडे दोन. त्या तोकड्या दोनामुळेच शरीर पुढे ढकललं जातं. सिन्किल्योत तर पाचव्या मात्रेवर टाळीच नाही, पाय एकटाच रिकाम्यात पडतो. त्या रिकाम्या जागेत कंबर हलते. पावलांच्या पुस्तकात ही हालचाल लिहिलेली नव्हती.

मुद्दा असा की यातला कुठलाही ठेका आठ बारांचं वाक्य मोडत नाही. साखळी तितक्याच वेळात पुरी होते, वरून पाहणाऱ्याला आकृती तीच दिसते. म्हणून मालकांच्या नाचघरातही हा बदल खपून गेला. वादकाने डाव्या हाताची साथ जराशी सरकवली, नाचणाऱ्यांना मजा आली, पुढच्या वेळी त्यांनीच तसं मागितलं.

क्यूबात हा प्रवास कागदावर दिसतो. हवानात १८०३ मध्ये छापलेली ‘सान पास्क्वाल बायलोन’ ही तिथली सगळ्यात जुनी ज्ञात छापील कोंत्रादान्सा. हा नाच क्यूबाला हैतीच्या निर्वासितांनी दिला असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं. १७९१ मध्ये सां-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांचा उठाव झाला आणि हजारो फ्रेंच मळेवाले, त्यांचे गुलाम आणि मुक्त मिश्रवंशीय लोक पूर्व क्यूबात आले, हे खरंच. त्यांच्याबरोबर सिन्किल्योला जोर आला हेही पटतं. पण हवाना पूर्व क्यूबात नाही. ते बेटाच्या दुसऱ्या टोकाचं मोठं बंदर, तिथे स्पेनहून थेट माल येई, आणि १७६२ मध्ये इंग्रजांनीही ते काही महिने बळकावलं होतं. नाच एकाच दाराने आला असं धरायची गरज नाही.

मानुएल साउमेल (मृत्यू १८७०) याच्या पियानोवरच्या कोंत्रादान्सा फार छोट्या आहेत. आठ बारांचा पहिला भाग दोनदा, आठ बारांचा दुसरा भाग दोनदा, एकूण ३२. पहिला भाग व्हिएन्नातल्या दिवाणखान्यात वाजला तरी कुणाची भुवई वर जाणार नाही. दुसऱ्या भागात डावा हात हबानेरा धरतो आणि खोलीचं हवामान बदलतं. हा सगळा लेख एका मिनिटात ऐकायचा असेल तर तो अशा एखाद्या तुकड्यात ऐकता येईल.

नंतर रांगा सुटल्या. जोड्या एकमेकींशी साखळ्या करण्याऐवजी आपापल्या मिठीत नाचू लागल्या आणि कोंत्रादान्साची दान्सा झाली. १ जानेवारी १८७९ ला मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे या कॉर्नेटवादकाने ‘लास आल्तुरास द सिम्सोन’ ही रचना सादर केली. तिथून दान्सोन सुरू झाला असं मानतात. ठेका दोन बारांचा: एका बारात सिन्किल्यो, पुढच्यात चार सरळ ठोके. एक बार तिरका, एक बार सरळ. रचनेचा सांगाडाही बदलला. सुरुवातीला ४ बारांचा तुकडा दोनदा वाजतो, त्याला पासेओ म्हणतात, म्हणजे फेरफटका. मग १६ बारांची चाल, पुन्हा पासेओ, पुन्हा नवी चाल.

पासेओत नाचायचं नसतं. जोडीने उभं राहायचं, पंख्याने वारा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, आणि चाल सुरू झाली की पाऊल उचलायचं. नवशिका पहिल्या सुरालाच सुरू होतो आणि मग सगळे उभे असताना एकटाच फिरताना दिसतो. उष्ण देशातल्या बंद दालनात सुटाबुटात नाचायचं तर अशी विश्रांती रचनेतच ओवलेली असणं हा शहाणपणच. आणि जागा किती लागते? जाणकार म्हणतात, एका विटेवर नाचता आलं पाहिजे. विटेशी आपलं नातं वेगळं आहे, पण कल्पना कळते.

त्या काळच्या वर्तमानपत्रांनी दान्सोनला असभ्य आणि आफ्रिकी म्हणून झोडपलं. काही दशकांत तोच राष्ट्रीय नाच झाला. १९३० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या शेवटच्या भागात अँतोनिओ अर्कान्योच्या ऑर्केस्ट्राने मोकळा, पुन्हा पुन्हा येणारा ठेका घातला आणि मम्बो या नव्या नाचाची वाट उघडली. १९५० च्या सुमारास एन्रिके होरिनच्या लक्षात आलं की तिरक्या ठेक्यात लोकांचे पाय अडखळतात, म्हणून त्याने चाली सरळ केल्या. फरशीवर चपला घासल्याचा आवाज आला आणि नाव पडलं चाचाचा. म्हणजे दीडशे वर्षांची तिरकी चाल, आणि शेवटी नाचणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडी सरळ.

पूर्व क्यूबात मात्र वेगळंच घडलं. सान्तियागो आणि ग्वान्तानामोत हैतीहून आलेल्या काळ्या लोकांनी ‘तुम्बा फ्रान्सेसा’ नावाच्या मंडळ्या काढल्या. २००३ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मान्यता दिली आणि २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली. बायका कडक खळ दिलेल्या लांब झग्यांत, जोड्या रांगेत, मान ताठ, पावलं नाचघरातली. या नाचाचं नाव मासोन. आणि साथीला व्हायोलिन नाही, बासरी नाही, एकही सुरेल वाद्य नाही. हाताने वाजवायचे मोठे ढोल, काता नावाचं दोन काठ्यांनी बडवायचं आडवं लाकूड, बायकांच्या हातात पत्र्याचे खुळखुळे, आणि गायक व कोरस. नाचघर पूर्ण आणि नाचघराचं संगीत गायब. मासोननंतर युबा हा दुसरा नाच सुरू होतो तेव्हा पावलं ढोलाकडे वळतात. एकाच रात्री, त्याच कपड्यांत, तेच लोक दोन्ही नाचतात.

मार्तिनीकच्या बेले या नाचातही चार जोड्यांचा चौकोन आहे, पण ढोल आडवा आणि वादक त्यावर घोड्यासारखा बसलेला. दुसरा माणूस मागून ढोलाच्या लाकडावर दोन काठ्यांनी तो टाक् पि टाक् पि टाक् धरतो.

ग्वादलूपमध्ये नवल आहे ते माणसाचं. पॅरिसमध्ये फिगर पाठ असत, नृत्यशिक्षक शिकवत. बेटावर वाद्यांच्या शेजारी एक माणूस उभा राहतो आणि पुढे काय करायचं ते बोलत राहतो. त्याला कोमांदर म्हणतात. मळ्यावर गुलामांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्यालाही हाच शब्द होता, हे तिथल्या कुणाला सांगावं लागत नाही. फिगरची जुनी नावं अजून टिकून आहेत, पण कोमांदर नुसत्या सूचना देत नाही. तो तालात बोलतो, यमक जुळवतो, कुणाची फिरकी घेतो. त्याचा खरा कस वेळेत लागतो. साखळीची सूचना आठव्या बारला दिली तर उशीर झाला, कारण पाय तोवर थांबलेले असतात. ती सातव्या बारातच सांगून संपवावी लागते आणि त्याच वेळी चालू फिगरचा ताल सोडता येत नाही. सेशेल्सच्या काम्तोले नाचातही असाच सूचना देणारा असतो, आणि अमेरिकेतल्या स्क्वेअर डान्समध्येही. तिथल्या सुरुवातीच्या नोंदींत ही हाक देणारे बऱ्याचदा काळे व्हायोलिनवादकच दिसतात.

वाद्यांचं गणित साधं. जे मिळेल, जे परवडेल, जे मोठ्याने वाजेल. व्हायोलिनच्या जागी बऱ्याच बेटांवर अकॉर्डियन आलं, कारण उघड्यावर चार घरांपलीकडे ऐकू जातं आणि दमट हवेत तारा तुटायची भानगड नाही. डॉमिनिकातल्या जिंग पिंग या ताफ्यात अकॉर्डियनबरोबर तीन गोष्टी असतात. ताम्बाल हा उथळ, खंजिरीच्या जातीचा ढोल. ग्वाज, म्हणजे खिळ्याने भोकं पाडलेला पत्रा, किसणीसारखा, तारेने घासायचा. आणि बूमबूम: बांबूची किंवा पोकळ लाकडाची नळी, तोंडाने फुंकून खर्जाचा सूर काढायचा. चेलो विकत घेण्याची ऐपत नसली तरी खर्ज हवाच होता. या चौघांवर काद्रिल, लान्सर्स, पोल्का, मझुर्का, असे सगळे युरोपी नाच निघतात. जमैकात काद्रिलचे दोन प्रकार आहेत: चौकोनातला ‘बॉलरूम’ आणि दोन लांब रांगांचा ‘कॅम्प’. युरोपचे भाग नाचून झाल्यावर शेवटी बेटाचा स्वतःचा मेंतो नाचतात.

या नकाशावर गोवा कुठे? फार लांब नाही. साष्टीतल्या ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांत एकोणिसाव्या शतकात मांडो फुलला. पुरुषांची रांग, समोर बायकांची रांग, बायकांच्या हातात पंखा, पुरुषांच्या हातात रुमाल, आणि दोन्ही रांगा जवळ येतात, दूर जातात. कॉन्त्रदांसची जुनी समोरासमोरची रांग इथे ओळखू येते. पण ती इथे फार मंदावली आहे. चाल सहा मात्रांची, संथ, शब्द कोंकणी, विषय बहुतेक विरहाचा. आवाज दोन, वरखाली तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतरावर चालणारे. कॅरिबियनमध्ये जोड्यांनी रांग मोडून मिठी धरली, मांडोत रांग शेवटपर्यंत सुटली नाही. हात धरायचा नाही, डोळ्यांनी बोलायचं. हा फरक तालातून येत नाही, घरातून येतो. लग्नाच्या मांडवात दोन्हीकडचे वडीलधारे बसलेले असताना कुणी कुणाला मिठीत घेऊन विटेवर नाचत नाही.

साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंडावर झाकत-उघडत सूर वाकवायचा. तळवा पूर्ण दाबला तर आवाज मरतो, फार दूर ठेवला तर नुसती थाप ऐकू येते. कातडं पूर्वी घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि बकऱ्याचं आलं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. हेच घुमट गणपतीच्या आरतीलाही वाजतं, देवळाच्या उत्सवातही. मांडो संपत आला की दुलपद सुरू होतं, लय चढते, शब्द विरहावरून गावातल्या गमतीजमतींवर येतात, आणि मघापासून दबकून बसलेला घुमटवाला तळवा पुरता उघडतो.